लिहून काय मिळते?

(द्वितीय वर्ष, कला)

"लिहून काय मिळते?" हा प्रश्न मला पहिल्यांदा कोणी विचारला ते आठवत नाही; कारण आमच्या घरात तो कुठल्या ना कुठल्या रूपात रोजच विचारला जातो. बाबा अहिराणीत विचारतात, "लिखीसन काय भेटस?" त्यात टोमणा नसतो, हिशेब असतो. कपाशी वेचायला गेले तर किलोमागे किती पदरात पडले हे संध्याकाळी काट्यावर कळते. म्हशीने किती दूध दिले तेही मापात कळते. मुलगी रात्री अकरापर्यंत दिवा जाळून वहीत काहीतरी लिहीत बसते, त्याचे माप कोणत्या काट्यावर करायचे? आमच्या घराण्यात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. तेव्हा या प्रश्नाचे उत्तर देण्याची जबाबदारीही प्रथम माझ्यावरच येऊन पडली आहे. त्या उत्तराचा शोध यथाशक्ति घ्यावा, एवढाच या लेखाचा हेतू.

या प्रश्नाला दोन तयार उत्तरे आहेत. एक म्हणजे पैसा आणि दुसरे म्हणजे नाव. वक्तृत्व आणि निबंध स्पर्धांच्या बक्षीस समारंभात पाहुणे दुसरे उत्तर देतात. "लिहीत राहा, उद्या तुमचे नाव होईल" असे सांगून ते मोटारीत बसून निघून जातात. पहिले उत्तर फारसे कोणी देत नाही, कारण ते खोटे आहे हे सर्वांना ठाऊक असते. पण ते खोटे आहे म्हणून लगेच पैशाला नावे ठेवावीत, साहित्य आणि पैसा यांचा काय संबंध, असे मोठ्या तोऱ्यात म्हणावे, हेही मला पटत नाही. ज्यांच्या घरात महिन्याचा किराणा उधारीवर येतो त्यांनी पैसा तुच्छ आहे असे म्हणायचे म्हणजे आपल्याच आईच्या कष्टांचा अपमान करायचा. अण्णाभाऊ साठे यांचे उदाहरण आपल्यासमोर आहे. शाळेचे तोंड त्यांनी जेमतेम दीड दिवस पाहिले. १९५९ साली त्यांची 'फकिरा' ही कादंबरी आली, १९६१ मध्ये तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला, त्यांचे लेखन रशियन भाषेपर्यंत पोचले. आणि १९६९ साली ते दारिद्र्यातच गेले. याला कोणी साहित्यसेवेचा आदर्श म्हणत असेल तर म्हणो. मला तो आपल्या समाजाचा हलगर्जीपणा वाटतो. लेखकाला त्याच्या श्रमाचा दाम मिळाला पाहिजे, याविषयी वाद नाही.

वाद आहे तो पुढच्या गोष्टीचा. दाम मिळणार नाही, नावही होणार नाही, हे स्पष्ट दिसत असताना जगात आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे, आणि त्यातले बरेचसे अजून जिवंत आहे. ते का लिहिले गेले? मला वाटते, त्याचे कारण समजून घेतले तर वरच्या प्रश्नाचे निदान अर्धे उत्तर तरी हाती येईल.

मी आमच्या घरातल्या सर्वांत जुन्या 'वाङ्मया'पासून सुरुवात करते. आमच्या मधल्या घरात दाराच्या मागे खिळ्याला एक वाकवलेली तार टांगलेली आहे आणि त्या तारेत जुनी कार्डे टोचून ठेवलेली आहेत. जुन्या काळी घरोघर अशा तारा असत. माझे आजोबा तरुणपणी सुरतेच्या कापड गिरणीत कामाला होते. खानदेशातून सुरतेला जाणारे तेव्हाही पुष्कळ होते आणि आजही आहेत. आजोबांना लिहिता येत नव्हते, आजीला वाचता येत नव्हते. आजीची पत्रे गावच्या शाळेतले एक गुरुजी लिहून देत. आजोबांची पत्रे त्यांच्या चाळीतला कोणी लिहिता येणारा माणूस लिहून देई. म्हणजे दोन निरक्षर माणसांचा संसार दोन परक्या हातांनी कागदावर चालला होता! कार्डांवरची अक्षरेही निरनिराळी आहेत. चाळीतला एक लेखनिक गावी गेला की दुसरा मिळे, असे आजी सांगते.

त्या तारेत कार्डांबरोबर मनीऑर्डरची कुपनेही आहेत. आमच्या पिढीला मनीऑर्डर माहीत नाही, म्हणून सांगते. जुन्या मनीऑर्डरच्या कागदाला खाली एक लहानसा भाग असे. पैसे पाठवणाऱ्याने त्यावर दोन ओळींचा मजकूर लिहायचा, आणि पोस्टमन पैसे देताना तेवढा भाग फाडून घेणाऱ्याच्या हाती ठेवीत असे. पैसा आणि शब्द एकाच कागदावरून येत. त्यांतला पैसा त्याच आठवड्यात तेल-मिठाला गेला. कुपन मात्र आजीने पन्नासहून अधिक वर्षे जपून ठेवले आहे, आणि तेही तिला वाचता येत नसताना! एका कुपनावर इतकेच आहे की पोराला ताप होता तो उतरला का, आणि शेळीला पिले किती झाली. ते लिहिणाऱ्या माणसाचे नाव आज आमच्या घरात कोणालाही माहीत नाही.

आता या पत्रांकडे जरा लेखन म्हणून पाहू. पत्र लिहून देणारे ते गुरुजी काय करीत असतील? आजी सांगते, ते नुसते "सांग, काय लिहू?" असे विचारीत नसत, कारण तसे विचारले की बाई गोंधळते आणि "समदं बरं आहे असं लिहा" म्हणून मोकळी होते. मग ते एकेक विचारीत. पाऊस कोणत्या दिवशी झाला? आपल्या शेतात किती ओल गेली? थोरला कोणत्या यत्तेत गेला? सासूबाईंचा गुडघा कसा आहे? आणि जे ऐकले तेवढेच लिहीत. स्वतःची अलंकारिक भाषा त्यात घालीत नसत. "सा. न. वि. वि." आणि "पत्रास कारण की" एवढा रिवाज पाळला की पुढे सगळे आजीच्या बोलण्यासारखे. लेखनाची बरीच मोठी गोष्ट यात आहे असे मला वाटते. वाचणारा एकच असला, तो कोण आहे हे ठाऊक असले आणि त्याला काय हवे आहे हेही ठाऊक असले, की काय लिहायचे आणि काय गाळायचे हे आपोआप ठरते. सुरतेच्या खोलीत आठ जणांत झोपणाऱ्या माणसाला 'गावाकडचे रमणीय सृष्टिसौंदर्य' नको असते, त्याला ओल किती गेली ते हवे असते. आपण विद्यार्थी निबंधात सृष्टिसौंदर्याची पाने भरतो, कारण ती कोणासाठी लिहितो आहोत हेच आपल्याला माहीत नसते. (परीक्षकांसाठी लिहितो म्हणावे, तर त्यांनाही ते नको असते, असे आमच्या एका सरांनी वर्गातच सांगून टाकले आहे!)

हीच गोष्ट मोठ्या पातळीवर पाहायची तर आपल्याला खानदेशाबाहेर जाण्याची गरज नाही. साने गुरुजी १९२४ ते १९३० अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते आणि तिथल्या छात्रालयाची जबाबदारी त्यांच्याकडे होती. तेथे ते 'छात्रालय दैनिक' नावाचे एक हस्तलिखित दैनिक काढीत. दैनिक म्हणजे रोजचे, आणि हस्तलिखित म्हणजे हाताने लिहिलेले. वाचक कोण? तर घरापासून दूर राहणारी ती वसतिगृहातली मुले. याला वर्गणी नाही, खप नाही, जाहिरात नाही. दिवसभर शिकवून थकलेल्या माणसाने पुन्हा बसून मुलांसाठी हे लिहावे, यात त्यांना काय मिळत असेल? मी स्वतः वसतिगृहात राहत नाही, रोज एस.टी.ने येते-जाते, पण ज्या मैत्रिणी राहतात त्यांना विचारले, तर सकाळी उठल्यावर आपल्यासाठी कोणीतरी काही लिहून ठेवलेले असणे म्हणजे काय, हे त्यांना समजावून सांगावे लागत नाही.

पुढे १९३२ साली गुरुजी धुळ्याच्या तुरुंगात होते. विनोबाही तिथेच होते. २१ फेब्रुवारी ते १९ जून या काळात दर रविवारी एक, याप्रमाणे विनोबांनी गीतेच्या अठरा अध्यायांवर अठरा प्रवचने दिली. समोर श्रोते म्हणजे बरोबरचे बंदिवान. ती प्रवचने चालू असताना साने गुरुजींनी ती लिहून घेतली. 'गीता प्रवचने' म्हणून आपण जे पुस्तक ओळखतो, ज्याची कितीतरी भाषांत भाषांतरे झाली, ते अशा रीतीने आपल्या हाती आले. विचार करण्यासारखी गोष्ट अशी की हे लेखन गुरुजींच्या हातचे, पण ग्रंथ विनोबांचा. बोलणाऱ्याचा वेग सांभाळीत, त्याचा एक शब्दही सांडू नये अशा काळजीने लिहायचे, आणि त्यावर आपले नाव नाही. आमच्या गावच्या गुरुजींनी आजीसाठी जे केले आणि साने गुरुजींनी विनोबांसाठी जे केले, त्यांची जात एकच आहे असे मी म्हटले तर जाणकारांनी रागावू नये. दुसऱ्याचे मनोगत त्याच्याच शब्दांत तिसऱ्यापर्यंत पोचवणे, हेच दोन्हीकडे आहे.

त्यानंतरच्या वर्षी, म्हणजे १९३३ च्या फेब्रुवारीत, नाशिकच्या तुरुंगात त्यांनी 'श्यामची आई' लिहिली. अवघ्या पाच दिवसांत. ती पुस्तकरूपाने आली १९३५ मध्ये. या पुस्तकाची मांडणी आठवून पाहा. प्रकरणांना प्रकरणे म्हटलेले नाही, रात्री म्हटले आहे. आश्रमातले मित्र रात्री जमतात आणि श्याम त्यांना सांगतो. म्हणजे एकांतात लिहितानाही गुरुजींनी ऐकणारी माणसे समोर बसवून घेतली. या पुस्तकावर पुढे पुष्कळ टीकाही झाली; ते फार रडवते, भाबडे आहे, असे म्हणणारे समीक्षक आहेत आणि आमच्या वर्गातही आहेत. टीका करणाऱ्यांनी जरूर करावी. माझ्या मायने आयुष्यात एकच पुस्तक पुरते ऐकले आहे. ते मी सातवीत असताना तिला वाचून दाखवले, ते हेच. ती रडली नाही. एका ठिकाणी तिने मला थांबवले आणि ते वाक्य परत वाचायला लावले. इतकेच.

आतापर्यंत लिहिणाऱ्यांविषयी बोलले. आता ज्यांना लिहिताच येत नव्हते त्यांच्याकडे वळते, कारण माझ्या विषयाचा खरा गाभा तिथे आहे.

बहिणाबाई चौधरी यांचा जन्म १८८० साली असोद्याचा, आणि आयुष्य गेले जळगावात. त्यांना अक्षर-ओळख नव्हती. ऐन तिशीत वैधव्य आले. शेतात, घरात, जात्यावर काम करताना त्या आपल्या बोलीत गाणी रचीत आणि गात. ती छापावी, कोणी वाहवा करावी, ही कल्पनाच त्यांच्या जगात नव्हती. त्यांचे चिरंजीव सोपानदेव स्वतः कवी होते; त्यांनी आणि त्यांच्या एका नातलगाने जमेल तेव्हा ती गाणी लिहून घेतली. ३ डिसेंबर १९५१ ला बहिणाबाई गेल्या. त्यानंतर ती वही आचार्य अत्र्यांच्या पाहण्यात आली, आणि १९५२ साली त्यांच्या प्रस्तावनेसह 'बहिणाबाईंची गाणी' प्रसिद्ध झाली. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. पण हे सगळे नाव आणि मान त्यांच्या पश्चात आले. गाणी त्याच्यासाठी रचलेली नव्हती. आणि जी लिहून घेतली गेली नाहीत ती त्यांच्याबरोबरच गेली. या शेवटच्या वाक्यापाशी मी नेहमी अडखळते.

कारण बहिणाबाईंना सोपानदेव होते. बाकीच्या बायांना कोण होते?

जात्यावरच्या ओवीची रीत पाहिली म्हणजे ती एकटीने एकटीसाठी म्हटलेली नसते हे ध्यानात येते. पहाटे दोघी जणी समोरासमोर बसत, एकाच खुंट्याला दोघींचा हात. एक ओळ एकीने उचलायची, दुसरीने तिला साथ द्यायची. म्हणूनच ओवीत जागोजागी "बाई", "सई", "बहिणी" अशी हाक येते. ती वृत्त भरून काढण्यासाठी असते असे एका पुस्तकात वाचले, आणि ते खरेही असेल. पण समोर खरोखरच एक बाई बसलेली होती, हेही तितकेच खरे. भाऊ, माहेर, सासरचा जाच, मुलाचे कौतुक, पंढरीची वाट, आणि बाबासाहेबांवरच्या कितीतरी ओव्या; दिवसाउजेडी जे बोलायची सोय नव्हती ते पहाटेच्या अंधारात जात्यापाशी बोलले जाई. गावात विजेची गिरणी आली आणि बायांचा एक मोठा कष्ट वाचला. त्याबद्दल कोणी हळहळू नये. हळहळणाऱ्यांनी एक पायली जोंधळा दळून पाहावा. परंतु जाते थांबले तशी ओवी थांबली, हेही खरे. ओव्या गोळा करण्याचे काम पूर्वी साने गुरुजींनी केले. पुढे पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगावच्या बायांना बरोबर घेऊन एक लाखाहून अधिक ओव्या उतरवून घेतल्या, आणि त्यातही प्रत्येक ओवीला गाणारीचे नाव आणि गाव लावले. मला या कामाचे मोठेपण त्या लाखाच्या आकड्यापेक्षा या नावांत वाटते.

माझी आजी आता ऐंशीच्या पुढे आहे. गेल्या दिवाळीच्या सुटीत मी वही घेऊन तिच्यापाशी बसले. तिला म्हटले, "आजी, ओव्या सांग." तिला एकही आठवेना. दोन दिवस असेच गेले. तिसऱ्या दिवशी मायने सुचवले म्हणून आम्ही परसातले जाते धुऊन आत आणले, आणि खुंट्याला हात लावताच आजी गाऊ लागली. ओवी तिच्या डोक्यात नव्हती, दंडात होती! मूठभर ज्वारी घालायची, ती फिरवणार, माय साथ देणार आणि मी लिहिणार. मायलाही ओव्या येतात हे मला एकोणीस वर्षांत माहीत नव्हते. तिसऱ्या की चौथ्या दिवशी आजीने एक ओवी म्हटली ती तिच्या गेलेल्या मुलीची होती. त्या आत्याचे नाव मी घरात कधी ऐकले नव्हते. बाबा बाहेर ओट्यावर बसले होते. ते उठून आत आले आणि उंबऱ्यातच उभे राहिले. ती बहीण गेली तेव्हा ते पाच वर्षांचे होते. त्या रात्री जेवताना ते तिच्याविषयी पुष्कळ बोलले. त्यांना इतके बोलताना मी पहिल्यांदा पाहिले.

आतापर्यंत त्या वहीत १४३ ओव्या झाल्या आहेत. आजीचा श्वास पुरत नाही म्हणून आता एका बैठकीला चार-पाचच होतात.

लिहिण्याने माणूस माणसाशी जोडला जातो असे म्हटले की ते नुसते गोड-गोड वाटण्याचा संभव आहे. म्हणून वेगळ्या तऱ्हेच्या एका लेखनाचा उल्लेख केल्याखेरीज मला हा विषय सोडता येत नाही. १८५५ साली 'ज्ञानोदय' या नियतकालिकात एक निबंध दोन भागांत प्रसिद्ध झाला. मांग-महारांच्या दुःखाविषयीचा तो निबंध मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या मुलीने लिहिला होता. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या पुण्याच्या शाळेतली ती विद्यार्थिनी. स्वतः मांग समाजातली. ज्यांना वेद वाचण्याचा अधिकारच नाही त्यांचा धर्म तरी कोणता, असा रोखठोक सवाल तिने केला. आपल्या स्त्रियांना बाळंतपणातही डोक्यावर छप्पर नसते, थंडी-पावसाने त्यांचे काय हाल होतात, हे तिने लिहिले. तिच्या शिक्षणाला तेव्हा जेमतेम तीन वर्षे झाली होती. या मुलीने आणखी काही लिहिले असेल तर ते आपल्यापर्यंत आलेले नाही. नाव व्हावे म्हणून चौदा वर्षांच्या मुलीने असे लिहिले असेल काय? तिच्यासमोर दोन वाचक होते: ज्यांच्याविषयी लिहिले ते, आणि ज्यांनी हे वाचून खाली पाहावे ते. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचे 'स्त्री-पुरुष तुलना' हे १८८२ चे पुस्तकही असेच. एका विधवेच्या खटल्यावरून वृत्तपत्रांत सगळ्या स्त्रीजातीला नावे ठेवली गेली, त्याचा संताप येऊन लिहिलेले. ते पुढे इतके विस्मरणात गेले की १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रकाशात आणावे लागले. नव्वदहून अधिक वर्षे ते पुस्तक वाचकाची वाट पाहत होते! जोडणे म्हणजे प्रत्येक वेळी हात हातात घेणे नव्हे. कधी कधी ते समोरच्याचा हात धरून त्याला थांबवणेही असते.

अशा लेखनाला मोबदला नसला तरी त्याला एक शिस्त लागते, आणि ती पैशासाठी लिहिण्याहून सोपी नाही. मी हे ओव्या लिहून घेताना शिकले, आणि आमच्या शेजारच्या एका विधवा काकूंचा निराधार योजनेचा अर्ज लिहिताना शिकले. काकूंनी अर्जात न मावणारे पुष्कळ सांगितले. ते सगळे ऐकल्याखेरीज कामापुरत्या सहा ओळी कोणत्या, ते मला कळले नसते. ऐकण्याचे काम आधी, लिहिण्याचे नंतर.

आपल्या महाविद्यालयात ग्रंथालयाच्या जिन्यापाशी भित्तिपत्रकाची एक काचपेटी आहे. तिच्यात सध्या गेल्या वर्षीच्या क्रीडास्पर्धांचे निकाल आहेत. मराठी विभागाच्या मॅडमना विचारून आम्ही काही जणींनी ठरवले आहे की जूनपासून दर सोमवारी तिच्यात एक पान लावायचे. ज्यांच्या घरी आजी, मोठी आई, आत्या, कोणीही जुने माणूस आहे त्यांनी त्यांच्या तोंडचे काही लिहून आणावे: ओवी, आहाणा, कोडे, जुनी हकिकत, सुरतेचे पत्र, काहीही. आतापर्यंत आम्ही पाच जणी आणि दोघे जण आहोत. नियम थोडेच आहेत. सांगणाऱ्याचे नाव आणि गाव त्याच्या परवानगीने लिहायचे. बोली बदलायची नाही. अहिराणी असेल तर अहिराणी, तावडी असेल तर तावडी, पावरी असेल तर पावरी, आणि कठीण शब्दांचे अर्थ खाली द्यायचे. लिहून झाले की ते सांगणाऱ्याला एकदा वाचून दाखवायचे. ही शेवटची अट आजीची आहे. मी लिहिलेली पहिली दहा पाने तिने मला वाचायला लावली, आणि त्यांतल्या चार ओव्यांत तिच्या बहिणीचे शब्द माझ्या वहीत तिच्या नावावर गेले आहेत म्हणून ते नीट करून घेतले.